टाळी आणि वर्गणी

मंडळाच्या गेल्या कोजागरीच्या बैठकीत, चुलीवर दूध आटत असताना, एका सभासदाच्या नातवाने आम्हांस विचारलेला प्रश्न अद्याप मनातून गेलेला नाही. हा तरुण सौंसर तालुक्यातील संत्र्यांच्या बागा, पोळ्याच्या तोरणाखाली उभे राहिलेले बैल, जामसावळीची शनिवारची गर्दी, कापूसवेचणी अशा विषयांवर लहान लहान व्हिडिओ करतो आणि ते आपल्याकडच्या बोलीत समजावून सांगतो. त्याचा एक व्हिडिओ काही लाख लोकांनी पाहिला. पाठ थोपटणारे पुष्कळ भेटले. वर्षअखेरीस हिशेब मांडला तेव्हा कॅमेऱ्याचे हप्तेही त्यातून सुटले नव्हते. मग कोणीतरी सल्ला दिला, की हेच सारे हिंदीत बोल, प्रेक्षक कितीतरी पट मिळतील. तो आम्हांस म्हणाला, "काकाजी, मराठीत बोलून पोट भरन का जी?"

बैठकीत या प्रश्नाचे उत्तर निघाले नाही. दूध झाले, गाणी झाली, मंडळी आपापल्या घरी गेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा शोध होय. साहित्यसमीक्षेच्या पानांत पोटापाण्याची चर्चा कशाला, असा आक्षेप काही वाचक घेतील. परंतु कलावंताच्या घरी पैसा कोणत्या वाटेने येतो, हे त्याच्या कृतीच्या घडणीत उतरल्यावाचून राहत नाही. कृती किती लांब असावी, तिची भाषा कोणती, तिने कोणाला दुखवावे आणि कोणाला सांभाळावे, या साऱ्यांवर त्या वाटेची छाप पडते. म्हणून हा विषय समीक्षेचाही आहे, असे आम्हांस वाटते.

दौलतजादा, बलुते, तिकीट

लोकांचे लक्ष वेधून घेणे आणि त्या लक्षावर घर चालवणे, या दोन भिन्न विद्या आहेत. हा भेद मराठी समाजास नवा नाही. त्यासाठी आपल्या भाषेत जुने, चांगले मुरलेले शब्द आहेत.

तमाशात दौलतजादा असे. लावणी रंगली, की फडातला एखादा शौकीन नोट पुढे करी, नाचणारी ती घेऊन त्याचे नाव पुकारी आणि चार लोकांत त्याची मान उंचावे. आज यूट्यूबवरील थेट प्रक्षेपणात प्रेक्षक पैसे देऊन आपला संदेश रंगीत चौकटीत वर झळकवतो. रक्कम जितकी मोठी, तितका वेळ तो संदेश वर राहतो. तंत्र नवे आहे, वृत्ती दौलतजादाचीच. तिचे लक्षण असे, की ती लहरीवर चालते. आज पाऊस, उद्या कोरड. शिवाय जो नोट दाखवतो, त्याच्याकडे तोंड करून गावे लागते.

याच्या उलट टोकाला बलुते. बलुतेदार वर्षभर गावाचे काम करी आणि सुगीत खळ्यावरून त्याचा ठरलेला वाटा नेई. उत्पन्न स्थिर होते, पण मनुष्य बांधलेला होता. कोणते काम कोणी करावे हे जातीने ठरवले होते आणि ज्यांच्या वाट्याला हीन मानलेली कामे आली, त्यांना तो वाटाही मानहानीसह स्वीकारावा लागे. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनास 'बलुतं' हेच नाव दिले, ते उगाच नव्हे. स्थिर उत्पन्नाच्या गोष्टी करताना या शब्दातली वेदना आपण विसरू नये. स्थैर्य हवे, परंतु ते गुलामीच्या मोलाने नको.

या दोहोंच्या मध्ये तिकीट आले. संगीत रंगभूमीच्या वैभवाच्या काळात मराठी माणसाने कलावंतावर जितके प्रेम केले, तितके क्वचितच कोणी केले असेल. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये स्थापन झाली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह झालेला संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग आजही दंतकथेसारखा सांगितला जातो. आणि नेमक्या त्याच सुमारास मंडळीच्या डोक्यावर मोठे कर्ज असल्याचे उघड झाले. खरे भरजरी शालू, खरी अत्तरे, पंगती, बिऱ्हाडे, साऱ्यांचा खर्च गर्दीच्या भरवशावर चालला होता. बालगंधर्वांनी ते कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले आणि रात्रीमागून रात्री उभे राहून फेडले. पुढे बोलपट आला, प्रेक्षक तिकडे वळला, आणि १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्वही प्रभातच्या 'धर्मात्मा'त दिसले. म्हणजे टाळ्यांचा तोटा कधीच नव्हता. त्या टाळ्या उद्याही मिळतील अशी लेखी हमी मात्र कोणाजवळ नव्हती.

केतकरांची यादी

अशी हमी मिळवण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या अगदी शेजारी, नागपुरास झाला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे तर आपल्याच बाजूचे. त्यांचा जन्म १८८४ मध्ये रायपूरचा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन आलेल्या या मनुष्याने महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा घाट घातला, तेव्हा त्याच्यामागे ना विद्यापीठ होते ना संस्थान. त्यांनी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी नागपुरास काढली, भाग विकून भांडवल उभारले, आणि खंड छापून होण्यापूर्वीच त्याचे ग्राहक मिळवले. पुढे कार्यालय पुण्यास हलले. अखेर तेवीस खंड पुरे झाले. या साऱ्या खटाटोपाचा वृत्तांत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवला आहे. आपल्या यूट्यूबर मुलांनी व्यवसायाची पुस्तके वाचण्यापूर्वी ते वाचावे, असे आम्ही सुचवू.

केतकरांचा विशेष काय? त्यांनी कीर्तीला यादीचे रूप दिले. अमुक गावचा अमुक गृहस्थ, त्याचा पत्ता, त्याने भरलेली रक्कम, त्याला धाडलेला खंड. ही यादी त्यांच्या वहीत होती. वर्तमानपत्राने टीका केली तरी ती पुसली जात नव्हती. लोकांचे लक्ष हे वाऱ्यासारखे असते. ते वहीत नाव-पत्त्यासह उतरले, की त्याचे धान्य होते.

परंतु केतकरांच्या योजनेत एक उणीवही होती. त्यांचा ग्राहक एका संचापुरता होता. तेवीस खंड पोहोचले, की त्याचे देणे संपले आणि केतकरांचे येणेही संपले. ज्ञानकोशानंतरचे त्यांचे आयुष्य आर्थिक ओढगस्तीत गेले आणि १९३७ मध्ये ते निवर्तले. 'गोंडवनातील प्रियंवदा'सारखी कादंबरी लिहून ज्याने आपल्या प्रदेशाचे नाव मराठी ललित साहित्यात आणले, त्या लेखकाची ही अखेर आपल्याला लाजवणारी आहे. यादी असणे पुरेसे नाही. ती यादी दर वर्षी नव्याने जिवंत व्हावी लागते. हेच वर्गणीचे मर्म.

आजींचा मसाला, भाडिपाचा प्रायोजक

आता वर्तमानाकडे येऊ. यूट्यूबवर जाहिरातींतून उत्पन्न मिळण्यासाठी चॅनेलला एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिले गेल्याची नोंद लागते. लहान व्हिडिओंसाठी नव्वद दिवसांत एक कोटी दर्शनांचा दुसरा मार्ग आहे. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातीच्या उत्पन्नातील शंभरांपैकी पंचावन्न रुपये निर्मात्याच्या वाट्याला येतात. व्यवहार वरवर उदार दिसतो. पण येथे प्रेक्षक ग्राहक नाही. ग्राहक जाहिरातदार आहे आणि प्रेक्षक हा माल आहे. ज्या प्रेक्षकाच्या खिशात जास्त पैसा, त्याचे लक्ष महाग. सौंसरच्या शेतकऱ्याने पाहिलेला तास आणि न्यू जर्सीच्या मराठी अभियंत्याने पाहिलेला तास यांचे मोल सारखे नसते.

या व्यवस्थेत ज्यांनी मराठीत यश मिळवले, त्यांच्या कृतींकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजींचे 'आपली आजी' हे चॅनेल त्यांच्या नातवाने २०२० मध्ये सुरू केले. आम्ही ते वाङ्मयीन कुतूहलाने पाहतो. पाककृती हे त्याचे निमित्त आहे, खरा रस त्या बोलण्यात आहे. 'बाळांनो' या हाकेत जो जिव्हाळा आहे, तो कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'तील वाटी-चमच्याच्या नेमकेपणापेक्षा अगदी वेगळा. 'रुचिरा' १९७० मध्ये आली ती परगावी संसार मांडणाऱ्या नवख्या सुनेचा हात धरायला. आजींचे चॅनेल पाहणाऱ्याला मुख्यतः हवी असते ती आजी. हा मराठी गद्याचा, मौखिक गद्याचा, एक अस्सल नमुना आहे, आणि त्याची नोंद आमच्यासारख्या मंडळांनी घ्यावयास हवी.

ऑक्टोबर २०२० मध्ये हे चॅनेल कोणीतरी चोरून ताब्यात घेतले होते. काही दिवसांनी ते परत मिळाले, पण त्या दिवसांत लाखो प्रेक्षक असलेल्या आजींजवळ त्यांतील एकालाही हाक मारण्याचे साधन नव्हते. त्याच वर्षी २९ जूनला भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या असंख्य मराठी मुला-मुलींचे प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. बंदी योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. प्रेक्षकांची यादी दुसऱ्याच्या वहीत असेल, तर ती वही मिटल्यावर आपण कोणाचेच कोणी राहत नाही, एवढेच यातून दिसते.

म्हणूनच की काय, जाणती मंडळी जाहिरातीवर विसंबून राहिली नाहीत. 'आपली आजी' काय किंवा मधुरा बाचल यांचे 'मधुराज् रेसिपी' काय, दोन्ही नावांनी पुढे मसाले बाजारात आले. मसाला घेणारे घर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मागणी नोंदवते. लक्षाचे रूपांतर नियमित उत्पन्नात करण्याचा हा चोख मार्ग आहे, आणि त्यास नाक मुरडण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. पण समीक्षकाने एक गोष्ट पाहत राहिली पाहिजे. पाककृती सांगणाऱ्याच्या घरी मसाल्याची पुडी विकावयास आली, की 'मसाला घरी कसा कुटावा' हे सांगण्याची ओढ कमी होण्याचा धोका संभवतो. ज्ञान वाटण्याचा आणि माल विकण्याचा असा ताण जेथे असतो, तेथे कृतीचा कस लागतो. या चॅनेलांचे पुढचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावे.

'भाडिपा', म्हणजे 'भारतीय डिजिटल पार्टी', हे उदाहरण शहरी आहे. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांच्या 'कास्टिंग काऊच'ने २०१४ मध्ये मराठीत आंतरजालावरील विनोदाचे दार उघडले. नामवंत पाहुण्याला बोलावून त्याची निरागस चेहऱ्याने फजिती करणे, हा त्याचा साचा. २०१६ मध्ये सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी भाडिपा सुरू केले. पुण्या-मुंबईच्या तरुणांची बोली त्यांनी इस्त्री न करता पडद्यावर आणली, हे त्यांचे मोठे श्रेय. त्यांच्या उत्पन्नाच्या वाटाही अनेक राहिल्या: प्रायोजित प्रसंग, रंगमंचावरील विनोदाचे तिकीट लावलेले प्रयोग, दुसऱ्या मंचासाठी केलेली २०१९ मधील 'पांडू' ही मालिका. एका वाटेवर दरड कोसळली तरी घर चालावे, अशी ही रचना आहे.

तथापि प्रायोजक प्रसंगाच्या आत येऊन बसला, की विनोदाचे तोंड कोणीकडे वळते, हे पाहण्यासारखे असते. आई-मुलाच्या भांडणात वस्तू अवतरते आणि भांडण मिटते. उपरोधाला हवा असतो न मिटलेला प्रश्न, जाहिरातीला हवे असते समाधान. भाडिपाचे उत्तम प्रसंग ते, जेथे वस्तू बाजूला राहते आणि माणसे आपली आपली उरतात. पण हा दोष भाडिपाचाच म्हणावा, तर १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनच्या आपल्या लाडक्या परंपरेला काय म्हणावे? दिवाळी अंकाचा जीवही जाहिरातीतच गुंतलेला आहे. फरक इतकाच, की छापील अंकात जाहिरात कथेच्या शेजारच्या पानावर बसे. आता ती कथेच्या स्वयंपाकघरात आली आहे.

पुढील भागाचे मोल

निखळ साहित्याच्या क्षेत्रातही हा बदल पोहोचला आहे. प्रतिलिपीसारख्या मंचावर अनेक मराठी लेखिका-लेखक भागशः कादंबऱ्या लिहितात. त्यांत गृहिणी आहेत, नोकरदार आहेत, ज्यांना एकाही मासिकाने कधी जागा दिली नसती असे आहेत. वाचकाने ठरावीक रक्कम भरली, तर पुढचा भाग इतरांच्या आधी वाचावयास मिळतो. ही खरीखुरी वर्गणी आहे, आणि तिने काही घरांत लेखणीच्या कमाईचे पहिले पैसे आणले, ही गोष्ट लहान नाही.

मात्र या वर्गणीची अट 'पुढील भाग' ही आहे. म्हणून पुढील भाग संपता कामा नये. नायिकेचे लग्न होते, मग सासर येते, मग गैरसमज, मग स्मृतिभ्रंश. प्रत्येक भाग दाराच्या उंबऱ्यावर थांबतो. आम्ही यांतल्या काही कादंबऱ्या चिकाटीने वाचल्या. सुरुवातीच्या दहा-बारा भागांत जी सहजता होती, ती पुढे पुढे ताणलेल्या कणकेसारखी पातळ झालेली दिसली.

हरिभाऊ आपट्यांनीही भागशः लिहिले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. ती लांबली, रेंगाळली, पण तिला शेवट होता, आणि तो शेवट वाचकाला सुखावणारा नव्हता. असे धैर्य हरिभाऊंना कोठून आले? त्यांच्या प्रतिभेतून, हे तर खरेच. पण पुण्याच्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापक म्हणून त्यांचे चरितार्थाचे साधन वेगळे होते, हेही खरे. यमूच्या दुःखावर त्यांची चूल अवलंबून नव्हती. जे लेखन पोटासाठी संपवता येत नाही, ते लेखन लेखकाच्या हातून हळूहळू निसटते. म्हणून वर्गणी पुढील भागासाठी न देता लेखकासाठी दिली गेली पाहिजे. त्याने या वर्षी कादंबरी संपवली, तरी पुढच्या वर्षी तो काहीतरी लिहील, या विश्वासावर.

झाडीपट्टीचा धडा

हे सारे स्वप्नरंजन वाटेल. म्हणून एक चालते-बोलते उदाहरण देतो, आणि तेही विदर्भातले. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचे केंद्र. नाट्यमंडळांची कार्यालये तेथे आहेत. गावोगावची मंडळे हंगामापूर्वी तेथे येतात, नाटक ठरवतात, तारीख ठरवतात, रक्कम ठरवतात. प्रयोगाच्या रात्री तिकीटविक्रीचा नफा-तोटा गावच्या मंडळाचा, ठरलेली रक्कम नाट्यमंडळाची. त्या रात्री मंडई किंवा शंकरपटाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे पुण्या-मुंबईकडील अनेकांना तिचे नाव कळले. तोवर ती कोणाच्या नजरेवाचून सुखाने जगत होती.

या व्यवस्थेत जोखीम कोणी उचलली आहे ते पाहावे. कलावंताने नव्हे, गावाने. प्रेक्षक येथे विखुरलेली गर्दी नाही. ते एक मंडळ आहे, त्याला नाव आहे, अध्यक्ष आहे, आणि ते आगाऊ शब्द देते. याचा परिणाम कृतीवर काय झाला? नाटके भडक असतात, अश्रू आणि हशा ढोबळ असतो, हे कबूल. पण झाडीबोलीला तेथे अजून रंगमंचावर जागा आहे, कारण पैसे देणारे गाव ती बोली बोलते. बोली जगते ती तिच्यावर लिहिलेल्या प्रबंधांनी नव्हे. जो पैसे देतो त्याच्या कानाला ती गोड लागते म्हणून ती जगते.

आपल्या तालुक्याची गोष्ट

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे परत येऊ. आपली स्थिती निराळी आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्याच प्रांताची राजधानी होती. प्रांतरचना झाली, विदर्भ तिकडे गेला, छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. भोसल्यांच्या अमदानीपासून येथे नांदत असलेल्या घरांत मराठी बोलली जाते, पण मुलांची शाळा हिंदीत, कचेरीचा कागद हिंदीत, आणि आता हातातल्या पडद्यावरची कमाईही हिंदीत. शाळेने आणि कचेरीने जे सत्तर वर्षांत पुरते केले नाही, ते दर्शनांचा आकडा दहा वर्षांत करील. त्यात कोणाचे कारस्थान नाही. मोठ्या भाषेत प्रेक्षक जास्त, प्रेक्षक जास्त तेथे जाहिरात जास्त, एवढे साधे गणित आहे. त्या तरुणाला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. त्याचा व्हिडिओ आम्ही स्वतः तीन वेळा पाहिला, दहा-अकरा नातेवाइकांस पाठवला, आणि एक रुपयाही दिला नाही.

केविन केली या अमेरिकन लेखकाने २००८ मध्ये असे मांडले होते, की कलावंताला लाखो प्रेक्षकांची गरज नाही, हजार सच्चे चाहते पुरेत. आपल्या गावखर्चाला हजारही नकोत. अडीचशे घरांनी दरमहा शंभर रुपये दिले, तर पंचवीस हजार होतात. हा अंदाज नव्हे, निव्वळ गुणाकार आहे. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा, आणि येथून उठून नागपूर, भोपाळ, पुणे, परदेश येथे गेलेली आपली मुले, एवढ्यांत अडीचशे घरे निघू नयेत? ती मुले संत्र्याच्या बहराचा व्हिडिओ पाहून डोळे पुसतात, असे त्यांचे आईवडील आम्हांस सांगतात. डोळे पुसणे ही टाळी झाली. वर्गणी अजून यावयाची आहे.

येथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे, नाहीतर आम्ही बलुत्याचेच नवे रूप सुचवत आहोत असे होईल. वर्गणीदारही कृतीत घुसतो. अडीचशे घरे बहुतेक बागायतदारांची असतील, तर त्या तरुणाने बागेत तोडणीला येणाऱ्या मजुराच्या मजुरीवर व्हिडिओ करावा काय? गोटमारीत दरवर्षी माणसे जखमी होतात. पांढुर्ण्याच्या त्या परंपरेवर त्याने प्रश्न विचारला, तर किती घरे पुढच्या महिन्याची वर्गणी थांबवतील? जाहिरातदाराला राग आलेला निदान निर्मात्याला समजत नाही. काकाजी रागावले, की ते घरी येऊन सांगतात. म्हणून रक्कम लहान असावी, देणारे पुष्कळ असावेत, कोणाही एकाच्या जाण्याने चूल विझू नये. आणि देणाऱ्याने एवढे मनाशी ठरवावे, की आपण आवडीच्या मजकुराचे पैसे देत नसून आपल्या भाषेत बोलणारे एक तोंड उघडे राहावे म्हणून देत आहोत. ते तोंड कधीतरी आपल्याविरुद्धही उघडेल. उघडले नाही, तर तेव्हा काळजी करावी.

त्या तरुणालाही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्याने आपल्या प्रेक्षकांची नावे, गावे आणि दूरध्वनी क्रमांक, अर्थात त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावेत. मंच बदलतील, बंद पडतील, वही राहील. आणि जाहिरात, प्रायोजक, मसाला, संत्र्याची पेटी, जे येईल ते घ्यावे, पण कोणत्याही एकावर घर उभे करू नये. हिंदीतही खुशाल बोलावे. ती आपल्या शेजाराची भाषा आहे. फक्त मराठी ही तोट्यातली म्हणून सुटू नये.

असो. उपदेश लिहिणे सोपे असते. या पत्रिकेच्या वर्गणीदारांची जुनी वही आम्ही या निमित्ताने काढून पाहिली. पुष्कळ नावांपुढे गेल्या दोन-तीन वर्षांची बाकी आहे, आणि काही नावांपुढे आता माणूसच नाही. त्या वहीतील मागची कोरी पाने वेगळी करून आम्ही एक नवी यादी सुरू केली आहे. तिच्या माथ्यावर त्या तरुणाच्या चॅनेलचे नाव आहे आणि पहिल्या ओळीत आमचे, शंभर रुपयांसह. वही मंडळाच्या कपाटात, डावीकडच्या खणात ठेवली आहे. किल्ली नेहमीच्या ठिकाणी आहे.